चटईएवढं शेत

ओसाका, ३ ऑक्टोबर १९८६

ती. बाबांना शि. सा. न. वि. वि.

कापणी उरकली असेल. गुडघा कसा आहे? इकडे प्रयोगशाळेचा फ्रीजर बंद पडला आणि आपल्या ओढ्याकाठच्या शेतातले माझे जिवाणू मेले. तीन वर्षं पाण्यात गेली. हसू नका, पण हवा नसलेल्या गाळात ते खताच्या नायट्रेटवर श्वास घेतात. चार एन्झाइम रांगेत असतात. एकाने दिलेलं दुसरा घेतो, लावणीत आपण जुड्या हातोहात द्यायचो तसं. शेवटच्यात तांबं असतं, म्हणून तो जांभळा दिसतो, आणि खत वायू होऊन उडून जातं. तसा जांभळा मला दुसऱ्या कुठल्या शेतात मिळाला नाही. शेतात मातीची भर पडण्याआधी तळाचा मूठभर गाळ पाठवाल?

लोभ आहे तसाच राहू द्या.
किनुए

उओनुमा, १० ऑक्टोबर

चि. किनुएस अनेक आशीर्वाद.

सोबत डब्यात गाळ. टपालाने ओली घाण पाठवणं बरं दिसेना, म्हणून तव्यावर खडखडीत भाजला, चाळला, खडे वेचले. एकट्याने लावणी होत नाही, म्हणून शेत गाड्या उभ्या करायच्या तळाला दिलं. वीस तारखेला मातीचे ट्रक येणार. गाळ काढताना तुझी आई फार आठवली. वर फेकलेलं खत वारा खातो म्हणायची, आणि चिखलाच्या गोळ्यात कोंबून कोपरभर खोल पुरायची. मी हसायचो. पीक मात्र तिचंच सरस.

बाबा

ओसाका, २० ऑक्टोबर

ती. बाबांना शि. सा. न.

डबा उघडला आणि हसू की रडू कळेना. इतका नीटनेटका गाळ आमच्या प्रयोगशाळेने पाहिला नसेल! पण भाजल्यावर जीव कसा राहणार? आठ दिवसांत बाटलीत एक बुडबुडा नाही. ओला हवा, हे मीच लिहायला हवं होतं. आज ट्रक आले असतील. आईचं मात्र खरं होतं. वरच्या खताचं नायट्रेट होतं आणि झिरपून यांच्या तोंडी जातं. खोल पुरलेल्याचं होतच नाही. म्हणजे तिने जन्मभर माझ्या लाडक्यांना उपाशी ठेवलं! हे तिला सांगायचं राहून गेलं, याचंच वाईट वाटतं.

लोभ असावा, राग नसावा.
किनुए

उओनुमा, २४ ऑक्टोबर

चि. किनुएस आशीर्वाद.

ट्रक आले, पण तुझी आई बांधावर जेवायला बसायची त्याखालचा कोपरा मला भरू देववेना. चटईएवढ्या तुकड्यात ठाण मांडून बसलो. ट्रकवाला म्हणाला, म्हातारा चळला, पण तेवढा तुकडा सोडून गेला. सोबत आईची लोणच्याची बरणी, काठोकाठ ओला गाळ, हवेला जागा नाही. भाजलेला नाही! वसंतात लावणीला ये. त्या तुकड्यात खत वरच फेकीन. तुझ्या लेकरांना एकदा पोटभर जेवू दे.

तुझी आई रागावेल. ऐकून घेईन.

बाबा