गुडघा द्यायचा की ठेवायचा

२ ऑगस्ट, शनिवार

थेरपीहून बाराला परत. माधव आज 'पाणी' म्हणाला, पण चमच्याकडे बघून. थेरपिस्ट म्हणते, प्रश्न विचारल्यावर थांबत जा, तुम्ही थांबतच नाही. बरोबर आहे तिचं. भरलेली सभागृहं गप्प बसवत आले, स्वतः गप्प बसायची वेळ कधी आली नाही.

दुपारी शिरीष आला. लीगचा कमिशनर, म्हणजे नियम सांभाळणारा, म्हणून आला होता, पण उपमा संपेपर्यंत ते सांगायला धजला नाही. अकरा वर्षांची लीग, अमेरिकन फुटबॉलचे खरे खेळाडू घेऊन कागदावर टीमा करायच्या आणि त्यांच्या मॅचवरून गुण मोजायचे. बारा जण, सगळे इथे हर्नडनच्या आसपास राहणारे. इतरांच्या लीगमध्ये दरवर्षी खेळाडू नव्याने वाटतात. इथे एकदा घेतलेला खेळाडू निवृत्त होईपर्यंत तुमचा, किंवा दुसऱ्याला देईपर्यंत. आणि द्यायचा तर रविवारी अकराच्या कॉलवर स्वतःच्या तोंडाने 'दिला' म्हणायचं, समोरच्याने 'घेतला' म्हणायचं. फोनवरचं बटण दाबलेलं चालत नाही.

"वहिनी, माधवभाऊंना एप्रिलच्या स्ट्रोकपासून बोलता येत नाही. काही जण म्हणतात, टीम वेटिंग लिस्टवरच्याला देऊन टाका. मी नाही म्हणत. काही जण."

"नियम कोणी केला होता?"

"भाऊंनीच." प्लेटकडे बघत म्हणाला.

मग मी वीस मिनिटं बोलले. माणूस म्हणजे त्याची जीभ नव्हे, जे बोलू शकत नाहीत त्यांची मतं गोळा न करणाऱ्या सत्ता पुढे कशा झाल्या, वगैरे. चांगलं बोलले. शिरीष म्हणाला, "हे रविवारी कॉलवर बोला ना." बोलताना मला काहीच वाटत नव्हतं. गॅसवर दूध होतं, तिकडे लक्ष होतं.

५ ऑगस्ट, मंगळवार

माधवची वही काढली. निळी, लांबट. प्रत्येक खेळाडूला एक पान, पानावर दोन रकाने: 'घेईन' आणि 'देईन'. दुसऱ्याचा असता तर कितीला घेतला असता, आपला आहे तर कितीला देऊ. दोन आकडे जवळ असले तर खेळाडू समजला, लांब असले तर समजला नाही, असं तो म्हणायचा.

'गुडघा' नावाचं पान आहे. हा रनिंग बॅक, म्हणजे चेंडू घेऊन पळणारा, वय चोवीस. एक सीझन असा पळाला की बघणाऱ्याने खुर्चीचा हात धरावा. मग एकाच गुडघ्याची दोन वर्षांत दोन ऑपरेशनं. ऑक्टोबरमध्ये मैदानात येईल म्हणतात. त्याच्या पानावर दर महिन्याच्या पहिल्या तारखेला एकच नोंद: कळत नाही. कळत नाही. कळत नाही. दोन वर्षं. शेवटची एक एप्रिलची.

यावरून मी त्याला किती टोचलं आहे. मत नसणं ही आळशी माणसाची चैन आहे म्हणायचे. तो हसायचा आणि तारीख घालायचा.

१० ऑगस्ट, रविवार

जिंकले. सात विरुद्ध चार. माधवने तोंडाने म्हणायची गरज नाही, व्हिडिओवर मान हलवली तरी 'दिला' धरायचं.

मी माधवची खुर्ची कॅमेऱ्यासमोर ओढली आणि म्हटलं, ज्याला टीम काढून घ्यायची आहे त्याने ती याच्या डोळ्यांत बघून काढून घ्यावी. कोणी बघेना. शिरीषच्या बायकोने मागून टाळ्या वाजवल्या. निखिल म्हणाला, "काकू, तुम्ही सेनेटला उभ्या राहा यार." निखिल लीगमधला सर्वात धाकटा, मूळचा मुंबईचा. एरवी काकू, काकू करतो. व्यवहाराला बसला की नातं विसरतो. कॉल संपायच्या आत त्याचा मेसेज: गुडघा मला द्या, माझा दोन मॅचवाला तुम्ही घ्या.

दोन मॅचवाला म्हणजे राखीव क्वार्टरबॅक, चेंडू फेकून खेळ चालवणारा. गेल्या डिसेंबरात पहिल्या नंबरचा जखमी झाला म्हणून दोन मॅच मिळाल्या, दोन्ही एकहाती काढल्या. मग पहिला परत आला, हा बाकावर. दोन मॅचवरून माणूस ओळखायचा तरी कसा.

जिंकल्यावर चहा केला. माधवच्या कपात साखर दोनदा घातली बहुतेक. त्याने प्यायला.

१२ ऑगस्ट, मंगळवार

माधवला समोर बसवून समजावलं. दोनदा फाटलेला गुडघा तिसऱ्यांदा फाटतो. रनिंग बॅकचं आयुष्य आधीच चिमूटभर, त्यातली दोन वर्षं गेली. क्वार्टरबॅक पंधरा वर्षं खेळतो. भावनेला टीम चालवता येत नाही. द्यायचा ना?

मान हलली. स्पष्ट, वरखाली, दोनदा.

निखिलला कळवलं: चालेल. त्याने नाचणारं अस्वल पाठवलं.

एवढी वर्षं 'कळत नाही' लिहिणाऱ्याचं मत मी दहा मिनिटांत बनवलं. आनंद व्हायला हवा होता. कपड्यांच्या घड्या घातल्या.

१४ ऑगस्ट, गुरुवार

ईशाचा फोन, अर्विंगहून. लेक माझी, डोकं बापाचं. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "आई, डिड यू आस्क हिम द अपोझिट?"

"म्हणजे?"

"सेम स्पीच. अदर साइड. जस्ट टु चेक."

मी चिडले. तुझ्या बापाची परीक्षा घेऊ का म्हणाले. ती म्हणाली, "नो. युअर्स." फोन ठेवला. कोणी ते आठवत नाही.

१५ ऑगस्ट, शुक्रवार

केलं.

संध्याकाळी पाचला, त्याच खुर्चीत, त्याच आवाजात. म्हटलं, माधव, गुडघा देणं हा भेकडपणा आहे. घाबरट माणसं दोन मॅचच्या झगमगाटाला भुलतात. ज्याची चाल एकदा पाहिली त्याच्यासाठी वाट बघण्यात इमान आहे. ठेवायचा ना?

मान हलली. वरखाली, दोनदा. तीच.

मग थांबायला हवं होतं. नाही थांबले. तितक्याच तावाने विचारलं, आज गुरुवार आहे ना? हलली. आपण नागपूरला राहतो ना? हलली. तुला भरली कारली फार आवडतात ना? जन्मात एकदा खाल्ली नाहीत. हलली.

शेवटी हळू विचारलं, तुला काय वाटतं. मान हलली नाही. नुसता बघत राहिला, पाऊस थांबायची वाट बघत आडोशाला उभा असलेला माणूस बघतो तसा.

तो हो म्हणत नाहीये. मी संपावं म्हणून मान हलवतोय. एप्रिलपासून की त्याच्याही आधीपासून? एकतीस वर्षं मी या संसारात वाद जिंकत आले आहे. हर्नडनचं हे घर, ईशाचं कॉलेज, त्याच्या आईला इथे न आणणं. प्रत्येक वेळी तो शेवटी मान

भात लागला. भांडं भिजत घातलंय.

१६ ऑगस्ट, शनिवार

उद्या कॉल. सगळ्यांना ठासून सांगून बसले की याला सगळं कळतं, हा स्वतः ठरवतो. उद्या मी जरा आवाज चढवून विचारलं की मान हलेल. ट्रेड होईल, टीम वाचेल. खरं सांगितलं तर टीम जाईल. खुर्ची, वही, रविवार अकरा वाजता, अकरा वर्षं. त्याच्यापाशी त्याचं म्हणावं असं आणखी काय उरलंय ते आठवायला बसले. चेकचा शर्ट. रेझर.

१७ ऑगस्ट, रविवार

आठवेल तसं लिहिते.

शिरीष: "भाऊ, गुडघा निखिलला दिला का?"

माधवने माझ्याकडे पाहिलं. मी काही बोलले नाही. तो बघत राहिला. मी ओठ आत ओढून धरले. स्क्रीनवर अकरा चेहरे.

निखिल: "ऑडिओ गेला का यार?"

शिरीष: "थांब ना बे."

मिनिटभर गेलं असेल. मान हलली नाही. वरखाली नाही, आडवीही नाही.

निखिल: "काकू, तुम्ही मंगळवारी हो कळवलंत. आता असं कसं?"

"मी हो म्हटलं. त्याने नाही."

"पण तुम्हीच तर म्हणालात ना, माधवकाका स्वतः ठरवतात?"

मग सांगून टाकलं. उलटं विचारलं तेही, कारली तेही. अडखळत सांगितलं, वाक्यं धड लागेनात. सभेत असं बोलले असते तर लोक चहाला उठले असते. इथे कोणी उठलं नाही. निखिल खाली बघून म्हणाला, "सॉरी काकू." ट्रेड रद्द. पुढचं नंतर ठरवू म्हणत शिरीषने कॉल संपवला.

माधवने डाव्या हाताने लॅपटॉप बंद केला. उजवा हात मांडीवर पडलेला असतो तसाच.

२१ ऑगस्ट, गुरुवार

शिरीषचा फोन. मोठ्या खुशीत. "वहिनी, तोडगा निघाला! टीम तुमच्या नावावर करू. सगळ्यांना मान्य आहे. निखिल तर म्हणतो, काकू आल्या तर आमची खैर नाही."

टीम घरातच राहील. मी चालवेनही, चांगली चालवेन. दोन वर्षांत त्या निखिलला रडवेन.

विचार करते म्हटलं. पहिल्या मॅचच्या आदल्या दिवशी, तीन सप्टेंबरला, संध्याकाळपर्यंत नाव कळवायचं आहे.

२४ ऑगस्ट, रविवार

सोमवारपासून रोज चारच्या चहाला दोघांचे फोटो त्याच्यापुढे ठेवते आणि काही बोलत नाही. फार अवघड आहे. जिभेला खाज सुटते.

सोम: गुडघा जवळ ओढला. मंगळ: दोन मॅचवाला. बुध: दोन्ही फोटो पालथे घातले. गुरु: गुडघा. शुक्र: बिस्किट घेतलं. शनि: गुडघा. आज झोपला.

सहापैकी तीन. यावरून काय काढायचं? तीन म्हणजे कौल की योगायोग? वहीतल्यासारखे दोन रकाने आखायला पट्टी घेतली. मग कोणाचं पान आखतेय ते लक्षात आलं आणि पट्टी ठेवून दिली.

२७ ऑगस्ट, बुधवार

गणपती बसवला. आरती यूट्यूबवर. 'जय देव जय देव'ला माधवचे ओठ हलले. शब्द फुटले की नाही, टाळ मीच वाजवत होते, ऐकू आलं नाही. टाळ थांबवायला सुचलं नाही.

मराठी मंडळाच्या अध्यक्षांचा फोन, शनिवारचं भाषण. नाही म्हटलं. "अहो, निदान विषय तरी सांगा, फ्लायर छापायला गेलाय." विषय नाही म्हटलं. आजारी आहात का विचारलं त्यांनी. बरी आहे म्हटलं.

३० ऑगस्ट, शनिवार

ईशा विकेंडला आली. बापाच्या शेजारी जमिनीवर बसून जुनी मॅच लावली, गुडघ्याची, चांगल्या वर्षातली. एकदा तो तिघांच्या मधून सुटला तेव्हा माधवच्या घशातून आवाज आला. ईशा म्हणाली, "सी?" मी म्हटलं, आवाज मॅचमधल्या प्रेक्षकांचा असेल. ती म्हणाली, "आई. स्टॉप विनिंग."

स्वयंपाकघरात जाऊन उभी राहिले. तिथे काही काम नव्हतं.

३ सप्टेंबर, बुधवार

शिरीषला आज टीम कोणाच्या नावावर ते कळवायचं आणि पहिल्या आठवड्याची लाइनअप द्यायची. खेळणारे आणि बसणारे.

चारला टेबलावर चिठ्ठ्या मांडल्या, एका खेळाडूची एक. वरची ओळ खेळणाऱ्यांची, खालची बसणाऱ्यांची. मी मांडलं ते बरोबर होतं, कोणीही तसंच मांडलं असतं. गुडघा खाली, तो ऑक्टोबरपर्यंत मैदानात पायही ठेवणार नाही.

माधवने डाव्या हाताने गुडघ्याची चिठ्ठी उचलली आणि वरच्या ओळीत ठेवली. तिथे जो होता, चांगला धडधाकट, तो टेबलावरून खाली पडला.

"अरे, पण तो..." म्हटलं आणि थांबले. न खेळणाऱ्याला खेळवायचं म्हणजे त्या जागी शून्य. माधव अजून गुडघ्याच्या त्या चांगल्या वर्षातच आहे का? हट्ट आहे? थट्टा आहे? की हात नुसता गेला?

फोटो काढून तसाच शिरीषला पाठवला. खाली लिहिलं, टीम माधवच्याच नावावर राहू दे, लाइनअप त्याने लावली आहे.

लगेच उत्तर: "वहिनी, गुडघा वर? हा तर खेळणारच नाही. चुकून का मुद्दाम? लोक विचारतील मला."

काय लिहू? चुकून म्हटलं तर उद्या पहिल्या मॅचच्या आत टीम जाईल. मुद्दाम म्हटलं तर ते पुन्हा माझंच बोलणं.

चिठ्ठी खाली घ्यावी म्हणून हात पुढे केला. माधवचा पंजा चिठ्ठीवर आहे. मी कोपरा धरून हलकेच ओढलं. त्याने मान हलवली नाही. हातही उचलला नाही. मी जरा जोराने ओढलं.

नाही उचलला.

शिरीषचा फोन वाजतोय.