मुदखेड स्टेशनावरचे बाबा

लातूर, मार्च १९८७

ती. मायला भुजंगचा जय भीम.

मुदखेड स्टेशनावर शूटिंग झालेला सिनेमा इथं लागला. गर्दीत आपले बाबा दिसले, तोच लाल रुमाल बांधलेले. नीट बघेपर्यंत गेले, म्हणून मी पुन्हा तिकीट काढलं.

बाबा गेल्यापासून तू म्हणतेस, त्यांचा एक फोटोबी न्हाई. लातूर जिल्हा झाल्यापासून इथं व्हिडिओची दुकानं लई झालीत. दुकानदार म्हणतो, टॉकीजमधून उतरल्यावर कॅसेट यायला सहा महिने तरी लागतात. आली की व्हिडिओ भाड्यानं घेऊन उमरीला येतो.

टँकर रोज येतो का? घागर तू उचलू नको, पारूवहिनीला सांग.

डोळ्यांत औषध घालतेस ना? डॉक्टर म्हणाले तितक्या लवकर नजर जाणार न्हाई.

टॉकीजात बाबा थांबत न्हाईत, माय. कॅसेट थांबवता येते. पाहिजे तेवढा वेळ बघ.

तुझा भुजंग