आप्पांनी भाव केला

माय, तुझ्या नवऱ्यानं काल मुरुडच्या बाजारात भाव केला! हाव, मणियारचाचाच्या गाड्यासमोर उभं राहून चांगली घासाघीस केली. मला एवढा आनंद झाला की नांदेडला परत येताना एसटीत शेजारच्या बाईला सांगून टाकलं. ती म्हणाली, "भाव तर सगळेच करतात की." तिला काय कळणार! तुला कळंल, म्हणून लिहायला बसले.

मी परकर-पोलक्यात होते तेव्हाची गोष्ट. पंचमीच्या आधीच्या बाजारात तू बांगड्या भरायला बसलीस. चाचानं तुझा एक हात भरला आणि आप्पांनी नेमकी तिथून भाव पाडायला सुरुवात केली. एका हातात हिरवा चुडा, दुसरा हात मोकळा, तू तशीच बसलेली, भोवतीच्या बाया तोंडाला पदर लावून हसतायत. घरी येऊन भाकरी थापता थापता तू त्यांना असं झापलंस! "एकच हात भरून बसवलं मला चारचौघांत. भरायला लागल्यावर भाव करतं का कुणी?" आप्पा खाली मान घालून जेवतायत आणि हळूच म्हणतायत, "पण वर एक जास्तीची मिळाली का न्हाई?" तू हसू दाबत तव्यावरची भाकरी उलटलीस, ते मी बघितलं होतं.

तू सवाष्ण गेलीस. मग लई वर्षांनी आप्पांना पार्किन्सन झाला. हात थरथरायचा, पाय जमिनीला चिकटल्यावानी व्हायचे. एक नवीन गोळी सुरू झाली आणि माणूस टुणटुणीत चालायला लागला, पेढे वाटायचेच बाकी होते. तेवढ्यात बांगड्या सुरू झाल्या. दर बाजाराला बांगड्या. हिरव्या, लाल, चमकीच्या, भाव न विचारता! कपाट भरलं, ज्वारीची कोठी भरली. गावात कुजबुज, म्हातारपणी आप्पांचं कुठंतरी जमलंय म्हणून. दादाला तोंड दाखवायला जागा राहिली न्हाई. त्यानं आप्पांना घरात कोंडलं, बाहेरून कुलूप. मी गेले तर आप्पा खिडकीचे गज धरून उभे. "पोरी, मला कळून राहिलंय हे बरं न्हाई. पण बाजार दिसला की मन थांबतच न्हाई गं." कुणासाठी घेतल्या ते काही सांगेनात. मी रागारागात एक बांगडी हातात घालून बघितली, तर ती चढेना. एवढा बारीक हात आपल्या घरात एकीचाच होता, माय. मी मटकन खाली बसले आणि रडले.

तशीच दादाच्या मागं लागून दोघांना लातूरच्या डॉक्टरबाईंकडं नेलं. त्यांनी विचारलं, "गोळी सुरू झाल्यापासून काही नवीन नाद लागलाय? खरेदी, खाणं, पत्ते, काहीही?" दादा म्हणाला, "छे, छे." मी म्हणलं, "बांगड्या!" दादानं डोळे वटारले. पण डॉक्टरबाई हसल्या न्हाईत. म्हणाल्या, "ही गोळी हातपाय मोकळे करते, पण काहीजणांच्या मनाचा लगामही सैल करते. एकदम बंद करायची नाही. हळूहळू कमी करू, दुसरं औषध बघू. तोवर पैसे तुम्ही सांभाळा, पण माणसाला कोंडू नका." आप्पांनी मान वर केली. मग म्हणाले, "म्हंजे मी बिघडलो न्हवतो?"

"नाही हो आप्पा."

दादा तोंड फिरवून रडायला लागला, आणि त्याच दिवशी घरी येऊन त्यानं कुलूप काढलं. पुढचे दिवस वाईट गेले. गोळी कमी होईल तशी थरथर वाढली, आप्पा चिडचिडे झाले, दिवस दिवस भिंतीकडं तोंड करून पडायचे. मला वाटायचं, आता पाय तरी जातील न्हाईतर मन तरी. मग दुसरं औषध हळूहळू लागू पडलं. कोठीतल्या बांगड्या गल्लीतल्या लेकीबाळींना वाटल्या तेव्हा आप्पांनी अडवलं न्हाई.

आणि काल, एवढ्या महिन्यांनी पहिल्यांदा, मी त्यांना बाजारात नेलं. चाचाच्या गाड्यापाशी ते थांबले. त्यांनी डझनभर हिरव्या उचलल्या. गेलं सगळं मुसळ केरात, मी म्हणलं. तर आप्पा विचारतात, "कशा दिल्या?" चाचानं भाव सांगितला. "लई सांगून राहिलास. काचेच्या हायत का सोन्याच्या?" चाचा हसत हसत भाव उतरवेना, आप्पा बांगड्या ठेवून निघाले, चाचानं हाक मारली, आप्पा वळले. अगं, तेच जुनं नाटक! मी तिथंच टाळ्या पिटल्या, लोक बघायला लागले. शेवटी म्हणाले, "वर एक जास्तीची दे." थरथरत्या हातानं पुडकं माझ्याकडं दिलं आणि म्हणाले, "बास आता. चल घरी."

पुडकं माझ्यापुढंच हाय. हे पत्रही त्याच्याच खाली ठेवीन, दुसरीकडं कुठं टाकणार? डॉक्टरबाईंनी बजावलंय, परत एक जरी बांगडी घेतली तर लगेच कळवा. पुढच्या बाजाराला मी डोळ्यांत तेल घालून बघणार, आणि लागलं तर कळवणारच. पण कालच्या ह्या तुझ्या मापाच्या डझनभर आणि वरची एक, ह्या मी कळवल्या न्हाईत, माय.