शारदाची वही

१२ जानेवारी १९८८

आजही शारदाची वही नाही! वर्गात फिजिक्समध्ये सगळ्यांत हुशार पोरगी, आणि दर मंगळवारी मी वह्या तपासायला घेतल्या की तेच — "मॅडम, कॉपी घर पर रह गई." आमच्या घरामागच्याच गल्लीत तर राहते! आज तासभर उभी केली. वडील कारखान्यात क्रेनवर, घरी लहान भावंडं, म्हणून इतके दिवस सोडून देत होते. आता नाही.

१४ जानेवारी

संक्रांत. मंगलावन्सं तुळशीनगरहून आल्या. तिळगूळ हातात ठेवला आणि म्हणाल्या, "शालिनी, तू कारखान्याच्या टाउनशिपमधल्या हिंदी शाळेत शिकवतेस, आणि लेक प्रतिभा मात्र कॉन्व्हेंटात. तुझ्या शिकवण्यावर तुझाच भरवसा नाही का गं?"

गोड बोलायचा दिवस म्हणे!

हसून घेतलं. काय सांगणार? नाहीच भरवसा. आमच्या वर्गात साठ मुलं, लॅबमध्ये चौघांत एक व्होल्टमीटर. इंजिनिअरिंगला लागायचं तर प्रायव्हेटच हवी, म्हणून दोन वर्षांपूर्वी मीच भांडले. हे म्हणत होते, "घरात मास्तरीण असताना बाहेर कशाला?" ऐकलं नाही. आता प्रतिभाला ॲडमिशन नाही मिळाली तर ह्यांना तोंड कसं दाखवू?

२० जानेवारी

प्रतिभाला प्री-बोर्डात फिजिक्सला बत्तीस. शंभरात! "तिथले सर भराभर जातात, डोक्यावरून जातं," म्हणाली. मग बसले शिकवायला. नेहमीसारखंच — दहा मिनिटांत माझा आवाज चढला. "एवढंही येत नाही तुला?" ती पुस्तक मिटून उठून गेली.

वर्गात साठ जणांना दहादा सांगते. पोटच्या पोरीला दुसऱ्यांदा सांगताना डोकं फिरतं. काय करू माझ्या या स्वभावाला!

९ फेब्रुवारी

शारदाची वही मिळाली एकदाची. कोपरे दुमडलेले, शेवटच्या पानांवर चहाच्या कपाचा गोल डाग. लाल पेनाने मोठ्ठा शेरा दिला — कॉपी संभालकर रखो! मान खाली घालून "जी मॅडम" म्हणाली. बाकी वही अगदी नेटकी. मी फळ्यावर लिहिलेलं, तोंडी बोललेलं, सगळं उतरवलेलं.

१७ जून

पीईटीचा, म्हणजे इंजिनिअरिंगच्या प्रवेशपरीक्षेचा, रिझल्ट उद्या पेपरात. भाजीत दोनदा मीठ घातलं. ह्यांनी दही कालवून खाल्ली.

१८ जून

लागली! प्रतिभाचा नंबर आला! ह्यांनी तीनदा बोट ठेवून वाचला. कारखान्याचा भोंगा झाला तरी सायकल धरून दारातच उभे. मायलेकी गळ्यात पडून रडलो. हुश्श! इथलंच सरकारी कॉलेज मिळेल असं सगळे म्हणताहेत. कितीतरी महिन्यांनी आज पोटभर जेवले.

शेजारून मंगलावन्संना फोन केला. "बघा, कॉन्व्हेंटात घातलं म्हणूनच झालं!" ठसक्यात सांगितलं.

शारदाचाही नंबर आहे. प्रतिभाच्या पुष्कळ वर. आमच्या शाळेतून ती एकटीच. फार आनंद झाला — आणि जरा खुपलंही. खोटं कशाला लिहू?

१९ जून

शारदा पेढे घेऊन आली. पाया पडत होती, तेवढ्यात प्रतिभा आतून ओरडली, "शारदा, रुक, तेरी कॉपी मेरे पास रह गई!" गादीखालून काढून आणली. चहाचा डाग. माझा लाल शेरा.

दोघी माझ्या तोंडाकडे बघायला लागल्या. मग प्रतिभाच हळूच म्हणाली, "वर्षभर हिच्याच वहीतून केलं गं आई. वर्गात तू किती छान समजावतेस! चिडत पण नाहीस."

शारदाला जवळ घेतलं. तासभर उभी राहिली पोर, पण प्रतिभाचं नाव सांगितलं नाही.

वन्संना पुन्हा फोन करायला हवा.