ड्रॉवरमधले अठराशे रुपये

प्रति,
मा. जिल्हाधिकारीसाहेब,
जिल्हाधिकारी कार्यालय, अहमदनगर.

अर्जदार: श्रीमती राहीबाई भिमाजी टेमकर, वय अंदाजे ५५, धंदा घोंगडी विणणे (सध्या बंद), रा. बोरजाई.
अर्ज लिहिणार: गोरक्ष कानिफनाथ टेमकर, बी. एस्सी., अर्जदार बाईंचा पुतण्या.

विषय: न वटलेला चेक मालमत्ता धरल्यामुळे नाकारलेला नादारीचा दाखला मिळणेबाबत.
संदर्भ: तलाठी, बोरजाई यांचा मालमत्तेचा दाखला, दि. ७ मे १९७३.

महोदय,

१. अर्जदार बाईंना लिहितावाचता येत नाही. त्यांनी सांगितले तसे, आणि जेथे तारीख किंवा आकडा आहे तेथे कागद पाहून, हा अर्ज लिहिला आहे.

२. बाईंनी व त्यांच्या पतींनी (आता मयत) एका मागावर आठ महिने विणलेल्या साठ घोंगड्या दि. २० जून १९७० रोजी व्यापारी रंगनाथ बोऱ्हाडे यांनी नेल्या. बदल्यात त्यांनी त्याच तारखेचा अठराशे रुपयांचा चेक दिला. बाईंनी चेक प्रथमच पाहिला होता. साठ घोंगड्यांना बैलगाडी लागली आणि त्यांची किंमत पदराच्या गाठीत मावली, याचे त्यांना तेव्हा नवल वाटले होते.

३. बाई तो चेक घेऊन नगरला बँकेत गेल्या. बँकेने चेक एका इंग्रजी चिठ्ठीसह परत केला. (मॅनेजरसाहेबांच्या विनंतीवरून बँकेचे नाव येथे लिहिलेले नाही. ते चिठ्ठीवर छापलेले आहे.) चिठ्ठीत 'रेफर टू ड्रॉवर' असे शब्द आहेत. त्यांचा अर्थ, ड्रॉवरला, म्हणजे चेकवर सही करणाऱ्याला, विचारा. पुढील सर्व प्रकार 'ड्रॉवर' या एका शब्दामुळे घडला असल्याने हा खुलासा आधीच केला आहे.

४. श्री. बोऱ्हाडे यांनी दिवाळी, संक्रांत, पाडवा असे वायदे करीत अडीच वर्षे काढली. मध्यंतरी बाईंचे पती वारले. दुष्काळाने मेंढ्या गेल्या, लोकर मिळेना, माग बंद पडला. बाई सध्या दुष्काळी कामावर खडी फोडतात. पोलिसांनी हे प्रकरण दिवाणी आहे असे सांगितले. वकीलसाहेबांनी कोर्ट फी, समन्स व इतर खर्च मिळून दोनशे चाळीस रुपये सांगितले. एवढी रक्कम बाईंजवळ नाही. मात्र नादार (निर्धन) म्हणून परवानगी मिळाल्यास फीशिवाय दावा दाखल करता येतो, त्यासाठी महसूल खात्याचा दाखला आणा, असेही त्यांनीच सांगितले. दाव्याची मुदत दि. २० जून १९७३ रोजी संपते.

५. तलाठी श्री. काकासाहेब यांनी बाईंच्या घरी येऊन मालमत्तेची यादी केली. माग एक (मोडका), भांडी सात, पाटा एक. नंतर त्यांनी चेक व चिठ्ठी पाहिली. चिठ्ठीतला 'ड्रॉवर' हा शब्द त्यांना ओळखीचा वाटला, कारण त्यांच्या स्वतःच्या टेबलाला दोन ड्रॉवर आहेत. त्यांनी जंगम मालमत्तेच्या रकान्यात लिहिले: "रोख रु. १८००, बँकेच्या ड्रॉवरमध्ये." आणि बाईंना म्हणाले, "मावशे, अठराशे रुपयं जिच्या नावावर पडून हायेत तिला नादार लिवलं तर उद्या माझी नोकरी जाईल." श्री. काकासाहेब यांचा हेतू वाईट नव्हता. त्यांनी बाईंचे अभिनंदनही केले.

६. त्यावर बाई म्हणाल्या, "मंग त्यो ड्रावर उघडून द्या म्हनावं. म्या हात घालून काढते."

७. अर्ज लिहिणाराने तलाठ्यांना शब्दाचा खरा अर्थ सांगितला. वकीलसाहेबांकडील पुस्तकात, दावा ज्या वस्तूबद्दल आहे ती नादाराच्या मालमत्तेत धरू नये असे आहे, तेही दाखवले. तलाठ्यांनी ते शांतपणे ऐकून घेतले. पुस्तक कोर्टाचे आहे, रकाना महसुलाचा आहे, आणि एकदा शाईने लिहिलेले वरिष्ठांच्या हुकमाशिवाय खोडता येत नाही, असे त्यांचे म्हणणे पडले.

८. तालुक्याच्या कचेरीत सांगण्यात आले की, ड्रॉवरमध्ये रक्कम नसल्याचा पंचनामा आणल्यास नोंद कमी करण्याचा विचार होईल. बँकेने पंचनाम्यास नकार दिला, कारण बँकेच्या ड्रॉवरचा पंचनामा झाल्याचे कळल्यास खातेदार घाबरतील.

९. प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय विधान करू नये, असे अर्ज लिहिणारास कॉलेजात शिकवले आहे. म्हणून त्याने मॅनेजरसाहेबांना विनंती करून, बाईंच्या समक्ष, काउंटरमागील चारही ड्रॉवर उघडून पाहिले. त्यांत टाचण्या, शाईचे पॅड, रबरी शिक्के, एक अडकित्ता व जुने कॅलेंडर होते. रक्कम नव्हती. परंतु ही पडताळणी सरकारी नसल्याने कचेरीने ग्राह्य धरली नाही. चौथा ड्रॉवर बंद झाल्यावरही बाई वाकून त्याच्याकडेच पाहत होत्या. अर्थ तीन वेळा सांगूनही, रक्कम कदाचित असेल असे त्यांना आतून वाटत होते, हे अर्ज लिहिणाराच्या तेव्हा लक्षात आले.

१०. सबब विनंती की,
(अ) दाखल्यातील रु. १८०० ची नोंद कमी करून बाईंना नादारीचा दाखला दि. २० जूनपूर्वी द्यावा, किंवा
(ब) ती नोंद बरोबर आहे असे सरकारचे मत असल्यास, तोच चेक कोर्ट फी म्हणून स्वीकारून उरलेली रक्कम बाईंना परत करावी.
वरीलपैकी एक गोष्ट खरी असलीच पाहिजे. दोन्ही खोट्या कशा असू शकतात, हे अर्ज लिहिणारास पुष्कळ विचार करूनही समजलेले नाही.

११. आणखी एक बाब नमूद करणे आवश्यक वाटते. अर्ज लिहिणारा हायस्कुलात असताना त्याच्या फॉर्मवर मास्तरांनी 'नादार' असे लिहिले होते. अर्जदार बाईंनी तो शब्द वाचवून घेतला, अर्थ विचारला आणि मास्तरांना तो खोडायला लावला. पुढे बी. एस्सी. होईपर्यंतची फी त्यांनी घोंगड्या विणून भरली. आता तोच शब्द त्यांच्या नावापुढे लागावा म्हणून अर्ज लिहिणारा महिनाभर कचेऱ्यांतून फिरत आहे. हा अर्ज बाईंना वाचून दाखवला. या कलमाशी आल्यावर त्यांनी, "ह्ये नगं लिवू," असे सांगितले होते.

आपल्या हुकमाची वाट पाहत आहे.

आपली नम्र,
निशाणी डावा अंगठा, राहीबाई भिमाजी टेमकर
दस्तुर: गोरक्ष कानिफनाथ टेमकर
बोरजाई, दि. ४ जून १९७३

सोबत:
१) तलाठ्यांच्या दाखल्याची नक्कल.
२) बँकेची चिठ्ठी व तिचे मराठी भाषांतर.
३) चारही ड्रॉवरमधील वस्तूंची यादी.
४) चेकची हाताने काढलेली नक्कल. मूळ चेक जोडलेला नाही. बाई तो हातातून सोडत नाहीत. त्या म्हणतात, "खोटा तर खोटा. माझ्या साठ घोंगड्यांचं एवढंच हाय माझ्यापाशी."