माऊली रशियात

४ जुलै २०२४

माऊलीचा फोटो आला. अंगावर लष्कराचे हिरवे कपडे, गळ्यात बंदूक, डोक्यावर ढिलं हेल्मेट. खाली एवढंच — 'ताई, आईला दाखवू नको.'

माझा भाऊ गोदामात खोकी उचलायला गेला होता! मे महिन्यात. मॉस्कोजवळ गोदाम, वर्षाचा करार, राहणं-खाणं कंपनीकडं. हे सगळं परदेशी माणसं पाठवणाऱ्या एजंटानं, बन्सीधरनं सांगितलं — आमच्याच ओट्यावर बसून, आईच्या हातचा चहा पीत. आणि 'जा, जरा जग बघ' म्हणणारी मी. बारावीला इतिहास शिकवणारी राजेश्री मॅडम. तिथं लढाई चालू आहे हे मला माहीत नव्हतं? होतं. लढाई लांब सीमेवर, गोदाम इकडं, असं मीच आईला समजावलं होतं.

६ जुलै

परभणीला जाऊन आले. बन्सीधरचं ऑफिस झेरॉक्सच्या दुकानावर, वरच्या मजल्याला. मला बघून उभा राहिला. खुर्ची पुसली.

'मॅडम, त्यांनी सही केली कागदावर. मी काय जबरदस्ती केली का?'

'कागद कोणत्या भाषेत होता?'

'रशियन.'

'तुम्हाला येते?'

'न्हाई.'

'त्याला येते?'

टेबलावरचे कागद सारखे करायला लागला. मग म्हणतो, 'मागंच ठेवतेत मॅडम, पुढं न्हाई पाठवत. सैपाक, सामान, असलं काम.'

भिंतीवर परदेशातल्या कुठल्यातरी पुलाचं मोठं पोस्टर होतं. ओढून फाडलं. उपयोग शून्य. पण बरं वाटलं.

८ जुलै

आईला सांगितलं. मेंढरं सोडून निघाली होती, तिथंच दारात बसली. मेंढरं आपली पुढं गेली. 'त्याचं कुनासंग भांडन हाय तिकडं?' म्हणाली.

१३ जुलै

भुजंगमामा आले. आईचा सख्खा भाऊ. दिवसभर फोनवर लढाईच्या बातम्या बघतात, नकाशे, बाण, सगळं तोंडपाठ. येऊन बसले आणि सुरू — 'घुसायलाच पाहिजे होतं रशियानं. शेजारी लय माजला होता. चार दिवसाचं काम होतं. बाकीच्यांनी नाक खुपसलं म्हनून लांबलं.'

मी म्हटलं, 'मामा, बाकीचे नाक खुपसणारच. एकाच्या घरात तुम्ही बंदूक घेऊन शिरलात, तर पलीकडच्या घरातला झोपेल का? उद्या माझी पाळी म्हणून तो ह्याला हत्यार देतो. मग शिरलेला आणखी माणसं गोळा करतो. त्याची संपली की दुसऱ्याची आणतो. अशी आणत आणत आपल्या राणीसावरगावपर्यंत आलेत, कळतंय का तुम्हाला?'

मामा म्हणाले, 'तू उगं तापायलीस. माऊली नाव काढील आपलं.'

मी त्यांना उठा म्हणाले. सख्ख्या मामाला. आई मधे पडली — भाकरी खाऊन जाऊ दे त्याला. त्यांनी खाल्ली. दोन खाल्ल्या! ठेच्याबरोबर. मी मागच्या दाराला जाऊन उभी राहिले.

२२ जुलै

गंगाखेडला कॉलेजात आज वर्गात महायुद्धांचा धडा काढला. पुढं ढकलत होते, आज इलाज नव्हता.

फळ्यावर लिहिलं — १९१४, ऑस्ट्रियाचा सर्बियावर हल्ला. मोठ्या देशानं शेजारच्या लहान देशाला धडा शिकवायचा, इतकंच ठरलं होतं. लहानाच्या पाठीशी रशिया. मोठ्याच्या पाठीशी जर्मनी. जर्मनी निघाला फ्रान्सवर, वाटेत बेल्जियम तुडवला, म्हणून इंग्लंड उतरलं. सगळं आठवडाभरात. आणि इंग्लंड उतरलं म्हणजे आपणही उतरलो. दहा लाखांवर माणसं गेली इथून. फ्रान्सच्या चिखलात, इराकच्या वाळवंटात.

भक्ती पहिल्या बाकावर बसते, कधी बोलत नाही. आज बोलली. 'मॅडम, आपल्याला कुनी इचारलं होतं का?'

नाही, म्हटलं. डस्टर उचललं आणि न पुसताच ठेवलं. दहा वर्षं हा धडा मी पाच मार्कांचा प्रश्न म्हणून शिकवलाय. दहा वर्षं!

३ ऑगस्ट

माऊलीचा फोन. चार मिनिटं. आवाज बसलेला. 'खंदक खांदायलोय, ताई. सैपाक-बिपाक काय न्हाई. आमच्यासंग एक नेपाळचा हाय, दोघं लंकेचे हायेत. रशियातले थोडेच. आमालाच पुढं ठेवतेत.'

'समोर कोण आहे?'

'दिसत न्हाईत. वरून ड्रोन येतंय, माशीवानी आवाज करीत.'

आईनं फोन ओढून घेतला. 'जेवला का?' तो हो म्हणाला. लाईन गेली.

मग आई मला म्हणाली, 'तूच धाडलंस.' रागानं नाही. सहज. चूल पेटवता पेटवता.

११ ऑगस्ट

बातमी — युक्रेनचं सैन्य आता रशियात घुसलंय. मामांचा फोन आला नाही. आज कुठला बाण दाखवणार? ज्या देशाला चार दिवसांत आवरायचं होतं, त्याच्याच गावांतली माणसं आता गाठोडी घेऊन पळतायत. त्यांनी तरी कुणाचं काय केलं होतं!

२० ऑगस्ट

सतरा दिवस फोन नाही.

२१ ऑगस्ट

माऊलीला परत आणा म्हणून एका सरकारी कचेरीत अर्ज द्यायला गेले. टेबलावरचा माणूस फोटो बघून म्हणाला, 'हे तर सैनिक आहेत. स्वखुशीनं गेलेले दिसतात.' मी म्हटलं, चेहरा बघा ना, खुशी कुठं दिसते ते बोट ठेवून दाखवा. त्यानं अर्ज घेतला, शिक्का मारला. नंतर जिन्यापर्यंत मागं आला आणि हळूच दिल्लीतला एक नंबर लिहून दिला. 'इथं काही होणार नाही, ताई. इथं फोन करत राहा.'

त्याच्यावर ओरडले त्याचं आता वाईट वाटतंय. थोडंसं.

२९ ऑगस्ट

माऊली जिवंत आहे. दवाखान्यातून फोन आला. डाव्या पायात लोखंडाचे तुकडे. दूतावासाचा माणूस भेटून गेला, करार रद्द होणार म्हणे.

नेपाळचा मुलगा गेला. त्याच्या घरी कुणी कळवलं का, विचारलं. माऊलीला माहीत नाही.

भावाचा पाय फुटला म्हणून मी आज देवापुढं साखर ठेवली. पाय फुटला म्हणून! काय दिवस आणलेत ह्या लोकांनी आमच्यावर.

१४ सप्टेंबर

आला. दिल्लीहून रेल्वेनं, परभणीला दुपारी उतरला. काठी टेकत. मी डब्याच्या दारात त्याला धरलं तर हाताला नुसती हाडं लागली. आईनं त्याच्या तोंडावरून हात फिरवला, पुन्हा पुन्हा, मेंढराच्या पिलाला चाचपतात तसा.

घरी दारात भुजंगमामा, हातात हार. फटाक्यांची माळ आणली होती. वाजली तसा माऊली ओट्याखाली जमिनीवर पालथा पडला, दोन्ही हात डोक्यावर. सगळे हसले आधी. मग कुणी हसेना. मामांचं तोंड उतरलं. पहिल्यांदा.

१७ सप्टेंबर

मुक्तिसंग्राम दिन. झेंडावंदनानंतर माऊलीचा सत्कार ठेवला होता गावानं. मी जाऊन नको म्हणून सांगितलं, तरी ठेवला. शाल, नारळ. 'आपल्या गावचा वीर.' कुणाचा वीर? कोणत्या देशाचा? मला ओरडावंसं वाटत होतं — ह्याला फसवून नेलाय, ह्यानं काय केलंय? ह्याच्यावर अन्याय झालाय, शाल कसली घालता!

माऊलीनं शाल अंगावर घेतली नाही. मांडीवर ठेवून बसला.

१८ सप्टेंबर

सकाळी आई मेंढरांमागं गेल्यावर माऊली माझ्याजवळ येऊन बसला. सांगायला लागला. ह्यांची तुकडी एका गावात शिरली होती. एका घराच्या मागून एक माणूस निघाला, दोन्ही हात वर करून. 'मी लय भ्यालो होतो, ताई. बोट दाबलं गेलं.'

मेला का, विचारलं. हो म्हणाला.

सैनिक होता का, विचारलं. मला वाटतं त्यानं हो म्हणावं म्हणूनच विचारलं.

'म्हाईत न्हाई. पायात चप्पल होती. तो त्याच्या गावात होता, ताई. आमी गेलतो तिथं.'