बापाचं उत्तर राहिलं

चोपडा, रविवार, ११ जानेवारी

आजही नाटकाचा शेवट पाहिला नाही. जळगावला गेलो खरा, पण चोपड्याची शेवटची बस चुकेल म्हणून मध्यंतरानंतर उठलो. मुलगी बापाला विचारत होती, "घर विकलं का?" तो बोलायच्या आत मी दाराबाहेर.

स्टँडवर कंडक्टर म्हणाला, "आबा, गाडी आजून डेपोमाच शे. बसा निवांत." दीड तास बसलो. तेवढ्यात नाटक पुरं झालं असतं. परत जावं का? आणि तेवढ्यात गाडी लागली तर? याच घोळात बाकावरून हललो नाही. घाबरट मेला.

एरवी जळगावचे माझे मित्र नाना शेवटपर्यंत बसायचे आणि सकाळी फोनवर मला पुढचं सांगायचे. वर म्हणायचे, "आबा, तुम्ही अर्ध्या तिकिटाचे प्रेक्षक." नाना दिवाळीत वारले. बरं नाटक इकडे वर्षातून एखादंच येतं. माझं वय सत्त्याहत्तर. म्हणजे अजून किती, आणि तीही अर्धीच.

बाप काय म्हणाला असेल? विकलं असेल घर. नाहीतर मुलीने विचारलंच कशाला असतं? आता हे सांगणारं कोणी नाही. तरी सवयीने फोन चार्जिंगला लावला आहे.